लेटमार्कसाहेबांचा अंतिम प्रवास, फेरी सहावी

निवृत्ती मिळते नवऱ्याला, पण ती निभावावी लागते बायकोला. हे सत्य कुठल्याही सेवापुस्तिकेत नोंदलेलं नाही, कारण सेवापुस्तिका बहुधा नवरेच लिहितात.

शिवणबाईंचे यजमान एका मोठ्या कचेरीत छत्तीस वर्षं हजेरीपट सांभाळत होते. दहा वाजून एक मिनिटाने आलेल्या माणसाच्या नावापुढे लाल खूण करणं हे त्यांचं काम, आणि विरंगुळाही तोच. लोक त्यांना लेटमार्कसाहेब म्हणत. निवृत्त होताना लाल पेन त्यांनी कचेरीत जमा केलं (पोचपावती घेऊन), पण नजर मात्र घरी आणली. चहा दोन मिनिटं उशिरा. पेपर सहा मिनिटं उशिरा. मोलकरीण अकरा मिनिटं उशिरा. तिसऱ्या आठवड्यात मोलकरणीने राजीनामा दिला. शिवणबाईंना ती सोय नव्हती. शाळेत मुलींना शिवण शिकवून त्याही निवृत्त झाल्या होत्या, पण ही बाब घरात कोणाच्या लक्षात आली नव्हती.

अशात साहेबांना क्रूझ सापडली. नाश्ता सातला, कसरत आठला, जेवण साडेबाराला, आणि जिकडेतिकडे रांग. तीन हजार माणसं कुठेही जायचं नसताना वेळेवर रांगेत उभी राहतात, हे पाहून साहेबांना गहिवरून आलं. पहिल्या सफरीला बाई सोबत होत्या. सूर्योदय बघायला त्या चार मिनिटं उशिरा पोहोचल्या, ते त्यांना सात दिवस ऐकावं लागलं. तेव्हापासून बाईंचा गुडघा दुखू लागला आणि साहेब एकटे जाऊ लागले. एकूण सफरी अठरा. बाईंचाही क्रूझवर फार जीव जडला. विशेषतः साहेब क्रूझवर आणि आपण घरी असताना.

एकोणिसाव्या सफरीची बॅग दारात उभी असताना साहेब वारले. वेळेच्या बाबतीत त्यांच्या हातून झालेली ही एकमेव चूक.

मृत्युपत्रात लिहिलं होतं, ‘माझी राख सदर जहाजाच्या मागच्या कठड्यावरून समुद्रात सोडावी.’ जहाज कंपनीकडे त्याची रीतसर योजना होती. नाव ‘अंतिम प्रवास’. पंधरा सफरी पूर्ण केलेल्या सभासदाला हा प्रवास मोफत, सोबत एक नातेवाईकही मोफत. मात्र राख सोडल्याखेरीज प्रवास पूर्ण धरला जात नसे, आणि काही त्रुटीमुळे तो अपूर्ण राहिलाच तर नवा दिला जाई. ही अट लिहिणाऱ्याची शिवणबाईंशी ओळख नव्हती.

पहिल्या फेरीला चूक खरीच झाली. प्रवासी-कल्याण अधिकारी हा पन्नाशीचा, पांढऱ्या गणवेशातला, सभ्य आणि दमलेला माणूस होता. त्याने अर्ज तपासला.

“बाई, इथे मृत्यूचा दाखला जोडायचा असतो. तुम्ही निवृत्तीचा जोडलाय.”

“दोन्हींत फरक असतो का?”

“कंपनीच्या दृष्टीने असतो.”

तेव्हा साहेब राखेच्या डब्यातच राहिले. राख नियमाने ‘प्रवासी’ या वर्गात मोडत असल्यामुळे आपत्कालीन कवायतीला डब्यालाही जीवरक्षक जाकीट घालावं लागलं. साहेबांचं नाव पुकारलं गेलं. बाई म्हणाल्या, “हजर.” अंतिम प्रवास अपूर्ण राहिला, तरी सफर साहेबांच्या खात्यावर जमा झाली. चौथ्या फेरीनंतर त्यांना हिरा-वर्गात बढती मिळाली आणि जेवणाच्या रांगेत पुढे उभं राहण्याचा मान मिळाला. (हयातीत हुकलेल्या बढत्या अशा मागाहून मिळतात, तेवढा धीर मात्र हवा.)

पण बाई पुन्हा पुन्हा आल्या त्या या मानासाठी नव्हे. पहिल्या फेरीत बाई रोज नऊपर्यंत झोपल्या आणि त्याबद्दल कोणी त्यांना काही म्हणालं नाही. दुपारी त्या डेकवर खुर्ची टाकत, मांडीवर डबा घेत आणि साहेबांशी बोलत. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच साहेब घड्याळ न बघता त्यांच्या शेजारी बसले होते.

दुसऱ्या फेरीला अर्जावर पुढच्या महिन्याची तारीख पडली. तिसऱ्या फेरीला डब्याचं झाकण उघडेना (बाईंनी ते आदल्याच आठवड्यात डिंकाने चिकटवलं होतं). चौथ्या फेरीला अर्जावर रस्सा सांडला. पाचव्या फेरीला बाईंनी डबाच चुकीचा आणला. त्यात पिठीसाखर होती. अधिकाऱ्याने चाखून खात्री करून घेतली. अशी तपासणी नियमात कुठेही सांगितलेली नाही. तिला निव्वळ धाडस म्हणावं लागेल.

मधल्या वेळात बाईंची सुई चालू असे. एका पाहणीनुसार (पाहणी बाईंचीच) शंभर प्रवाशांपैकी बासष्ट जणांच्या पँटचं बटण चौथ्या दिवशी तुटतं आणि नऊ जणांची शिवण भर नाचात उसवते. खलाशांचे गणवेश तर वर्षानुवर्षं टाचण्यांवर तगून होते. बाईंच्या केबिनबाहेरही रांग लागू लागली.

बाईंचा मुलगा दातांचा डॉक्टर होता. त्याला हे सहन होईना.

“आई, बाबांना असं किती दिवस लटकवून ठेवणार?”

“डब्यात आहेत रे. लटकत नाहीयेत.”

“आमच्याकडे राहायला ये. छोटी खोली रिकामी केलीय तुझ्यासाठी. पोरं तीनला शाळेतून येतात, घरी कोणीतरी हवं ना.”

शेवटचं वाक्य तो सहज बोलला. बाईंनी मात्र नेमकं तेच ऐकलं.

सहाव्या फेरीचा अर्ज मुलाने स्वतः भरला, स्वतःचं तिकीट काढलं आणि डबा स्वतःच्या हातात धरून जहाजात चढला. अर्जात एक काना-मात्रा चुकलेली नव्हती. अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला, उजेडात धरून तिसऱ्यांदा वाचला आणि खिन्न आवाजात म्हणाला, “बिनचूक आहे.”

मागच्या कठड्यापाशी बाईंनी झाकण फिरवलं. खाली पाण्यात फेसाचा पांढरा पट्टा लांबच लांब गेला होता. “अहो,” त्या म्हणाल्या, “सुटा आता.” मग त्या रडल्या. हे कुठल्याही अर्जात नव्हतं आणि तरी अगदी खरं होतं.

मुलाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. “चल. आता घरी.”

अधिकारी खाकरला. “बाई, तुमच्या यजमानांचा प्रवास पूर्ण झाला. यापुढे नियमाप्रमाणे तुम्हाला मोफत चढता येणार नाही.”

“माहीत आहे.”

“प्रवासी म्हणून.” त्याने खिशातून एक कागद काढला. “आमची शिवणखोली कित्येक वर्षं बंद आहे. सहा महिन्यांचा करार. केबिनला खिडकी आहे.”

“आई, तू सदुसष्ट वर्षांची आहेस!” मुलगा ओरडला. “बाबा असते तर काय म्हणाले असते?”

“ते काही म्हणायच्या आत सही करते,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी ती केली.

बंदरावर मुलगा एकटाच उतरला. छोट्या खोलीत सध्या इस्त्रीचे कपडे ठेवतात. तीन वाजता दार कोणी उघडायचं, यावर मुलगा-सून अजून चर्चा करत आहेत.

काही वाचकांना, विशेषतः घड्याळ लावून बसलेल्या विवाहित पुरुषांना, ही बाई जरा निर्दय वाटेल. त्यांनी आज घरी एक साधा प्रयोग करावा. बायको कामात असताना तिला सहज विचारावं, “मी गेल्यावर तू काय करशील गं?” ती रागावली, रडली किंवा “भलतंसलतं बोलू नका” म्हणाली, तर निर्धास्त असावं. तिने हातातलं काम न थांबवता महिना, गाव आणि सोबतीला कोण, हे एका दमात सांगितलं, तर मात्र आजचा चहा स्वतः करावा.