एकाच दरपत्रकाचे प्रेम

बाबा छत्तीस वर्षे भांडार विभागात खरेदी अधिकारी होते आणि त्या छत्तीस वर्षांत त्या इमारतीत एक टाचणीसुद्धा तीन दरपत्रकांशिवाय आली नाही. निरोप समारंभात एका वक्त्याने थट्टेने सांगितले, की कार्यालयाला आग लागली तेव्हा साहेबांनी आधी अग्निशामक नळकांड्यासाठी तीन ठिकाणी पत्रे धाडली. बाबांनी तिथल्या तिथे उभे राहून दुरुस्ती सुचवली. पत्रे आगीच्या आदल्याच महिन्यात धाडली होती. तिसरे दरपत्रक मुदतीत आले नाही, म्हणून आगीच्या दिवशी नळकांडे नव्हते.

निवृत्तीनंतर माणूस बदलतो असे म्हणतात. बाबांचे फक्त टेबल बदलले. ते आता जेवणाच्या टेबलावर बसून घरासाठी खरेदी करू लागले. आईने नवी चाळणी मागितली, त्याला सात महिने झाले होते. तोवर जुन्या चाळणीची भोके एकमेकांना जाऊन मिळाली होती आणि आई पीठ हाताने चाळायला शिकली होती.

या घरात एकुलते एक चिरंजीव होते, वय वर्षे चौतीस. ते दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवीत. निम्म्या गावाचे हसू त्यांच्या हातचे होते, पण ते स्वतः फारसे हसत नसत. गेल्या चार महिन्यांत मात्र ते विनाकारण हसू लागले होते आणि त्यांनी तीन चष्मे केले होते.

एका रविवारी बाबांना स्वतःचा चष्मा सापडेना. त्यांनी पेपर वाचायला चिरंजीवांचा चष्मा लावला. अक्षरे होती तशीच राहिली. त्यांनी दुसरा लावून पाहिला, मग तिसरा. तिन्ही चष्म्यांच्या काचांना नंबर नव्हता. लगोलग चौकशी बसली.

"तुझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही, बाबा."

"मग हे तीन चष्मे कशासाठी?"

चिरंजीवांनी आईकडे पाहिले. आई वाटाणे सोलत होती. शेंगा संपल्या होत्या, तरी तिचे हात सोलतच होते. चिरंजीवांनी गेली वीस वर्षे मनात घोळवलेले वाक्य बाहेर काढले.

"चष्म्याच्या दुकानात जो नजर तपासतो ना, तो मला आवडतो. पहिल्यांदा डोकं दुखत होतं म्हणून गेलो. नंतर डोकं दुखायचं थांबलं, तरी जात राहिलो. मला पुरुषच आवडतात, बाबा. पहिल्यापासून."

बाबा उठले, खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले. ते चार दिवस फक्त जेवायला बाहेर आले. प्रयोगशाळेत चिरंजीवांनी एका बाईंचे वरचे दात खालच्या जबड्यात बसवले. वेगळे घर करून राहणे त्यांना अवघड नव्हते, पगार चांगला होता. पण चष्मेवाल्याला आणून याच टेबलावर, बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसवायचे, एवढी एकच त्यांची इच्छा होती. दोघांपैकी एकाला सोडून द्यायची कल्पनाही त्यांना सहन होत नव्हती.

पाचव्या दिवशी बाबांनी त्यांना बोलावले. टेबलावर एक नवी कोरी फाइल होती. वर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : 'विषय – चिरंजीवांसाठी जोडीदार (पुरुष), नग एक.'

"मी चार दिवस नियम चाळले," बाबा म्हणाले. "पुरुष आहे, याला माझी हरकत नाही. तसा प्रतिबंध कुठे आढळला नाही. एकच आहे, याला मात्र आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तू परस्पर एकच दरपत्रक घेऊन आलास. किमान तीन लागतात."

"बाबा, तो माणूस आहे. पंखा नाही."

"पंख्यासाठी आपण तीन ठिकाणं पाहिली. आणि माणसाला एकात उरकायचं?"

चिरंजीव न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि मनसोक्त रडले. बापाने घराबाहेर काढले तर काय बोलायचे, याची तयारी त्यांनी वीस वर्षे केली होती. बाप फाइल उघडील, असे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. नळ बंद केल्यावर मात्र त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपल्याला आणखी दोन पुरुष लागणार आहेत.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. चष्मेवाल्याने त्यांना नेहमीच्या उंच खुर्चीत बसवले, एक डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्याकडे बोट केले.

"वाच."

"मला स्पष्ट दिसतंय रे. ऐक आधी."

"तरी वाच. दुकानात गिऱ्हाईक आहे."

चिरंजीवांनी तक्त्यावरची अक्षरे वाचतात त्या सुरात सगळी हकीकत सांगितली. चष्मेवाला हसला नाही, हे विशेष. त्याने डोळा बदलून झाकला.

"एवढंच ना? तिन्ही दरपत्रकं एकाच दुकानातून येतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. फक्त तुझ्या बाबांना ठाऊक नसेल. उरलेले दोन मी आणतो. तुझ्याबरोबर त्या टेबलावर जेवायला मिळत असेल, तर मी पन्नास आणीन."

त्याने आपले दोन मित्र तयार केले. एक पोहण्याच्या तलावावरचा जीवरक्षक, दुसरा ग्रंथपाल. दोघेही त्याच वाटेचे आणि दोघेही मोकळे. वाईट छाप पाडायची आणि हरून परत यायचे, एवढेच त्यांचे काम होते. बाबांनी स्वतः आखलेले अर्ज गेले आणि लाखेची मोहोर लावून परत आले. ज्याच्या अपेक्षा सर्वांत कमी त्याला मंजुरी, अशी तळटीप होती. ती कोणीच वाचली नाही. तळटीप वाचायची असते, हे फक्त ती लिहिणाऱ्याला माहीत असते.

रविवारी दहाला प्रत्यक्ष पाहणी झाली. जीवरक्षकाने तीन माणसांचा नाश्ता एकट्याने संपवला, आपण भांडी घासत नाही असे ठणकावून सांगितले आणि आईची ओळख करून दिल्यावर दोनदा तिचे नाव विसरून दाखवले. आईला तो फार आवडला. ग्रंथपालालाही उद्धट वागायची सूचना होती, पण जन्मात सवय नव्हती. तो पायपुसणे ओलांडून तसाच आत आला, चार पावले गेला, मग परत जाऊन पाय पुसून आला. चष्मेवाला नवा सदरा घालून खुर्चीच्या कडेवर बसला होता. बाबांनी त्याला उंची विचारली तर त्याने वजन सांगितले.

मग लिफाफे फुटले. जीवरक्षकाच्या अपेक्षा सात निघाल्या. चष्मेवाल्याने मात्र, लबाडीचा बेत स्वतःचा असूनही, अपेक्षांचा रकाना खरा भरला होता. बाबा मोठ्याने वाचू लागले.

"घोरलो तर उठवू नये, कुशीवर वळवावे. भांडण झाले तरी जेवायला एकत्र बसावे. माझ्या आईला आठवड्यातून एकदा फोन करावा, तिला एकट्या माझ्याशी बोलून भागत नाही. दर वर्षी नजर तपासून घ्यावी, नंबर नसला तरी."

चिरंजीवांना पुढचे ऐकू आले नाही, ते चष्मेवाल्याकडे बघत होते.

"एकूण अकरा," बाबांनी तक्त्यात आकडा टाकला. मग त्यांनी ग्रंथपालाचा कागद उलगडला. अपेक्षांच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिले होते : 'काही नाही.'

बाबांनी तो तीनदा वाचला. असा अर्ज छत्तीस वर्षांत त्यांच्या हाती आला नव्हता. त्यांनी शिक्का मारला. "ग्रंथपाल. मंजूर."

चष्मेवाला मित्राकडे बघून डोळ्यांनी खुणा करत होता, पण ग्रंथपाल त्या कागदाकडे बघत होता.

"मला आजवर कुणी निवडलं नव्हतं," तो म्हणाला. "शाळेत खेळाचे संघ पाडायचे तेव्हासुद्धा मी शेवटी उरायचो." त्याने मंजुरीचे पत्र घडी करून खिशात ठेवले. ते परत दे, असे म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही.

सोमवारपासून तो रोज सहाच्या ठोक्याला येऊ लागला. चिरंजीवांना तो अदबीने नमस्कार करी आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसे. बुधवारपर्यंत दोघांनी मिळून घरातल्या जुन्या फायली विषयवार लावल्या. गुरुवारी स्वयंपाकघरातल्या बरण्यांना क्रमांक पडले. शुक्रवारी आईला साखर हवी होती, तर तिला मागणीपत्र भरावे लागले.

"माणूस लाखात एक आहे," बाबा म्हणाले.

"तुमच्यासाठी आहे," चिरंजीव म्हणाले. "संसार मला करायचाय."

"मंजुरी झाली आहे. सात दिवसांत ज्याची निविदा नाकारली त्याने हरकत घ्यावी. लेखी."

सहाव्या दिवशी चष्मेवाल्याची लेखी हरकत आली. रविवारी सुनावणी बसली. चष्मेवाला उभा राहिला आणि त्याने सरळ सांगून टाकले, की हे दोघे माझेच मित्र, मीच आणले, हरायला आणले. "चूक माझी आहे, काका. मला हाच हवा होता आणि तुम्हाला तीन हवे होते. मला दुसरा मार्ग सुचला नाही."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. ते आयुष्यभर याच गोष्टीच्या मागावर होते आणि ती त्यांच्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसली होती.

"संगनमत," ते म्हणाले. "तिघेही बाद. तिघांचीही नावं तीन वर्षं काळ्या यादीत."

"मी खोटं नव्हतं लिहिलं," ग्रंथपाल हळूच म्हणाला. "मला खरंच काही नको होतं." त्याने खिशातले पत्र काढून टेबलावर ठेवले. बाबांना त्याच्याकडे बघवेना. जीवरक्षक उठला आणि त्याने ग्रंथपालाच्या खांद्यावर हात टाकला.

"पोहता येतं का तुला?"

"नाही."

"मग निदान ते तरी हवं असं म्हण. चल." दोघे एकाच छत्रीतून गेले. बाहेर पाऊस नव्हता, पण ग्रंथपालाला छत्री उघडायची सवय होती आणि जीवरक्षकाने ती मिटायला सांगितली नाही.

चष्मेवालाही निघाला. दाराशी त्याने एकदा मागे वळून पाहिले. चिरंजीवांनी बाबांसमोरची खुर्ची ओढली आणि बसले.

"तीन वर्षांनी मी सदतीस वर्षांचा होईन, बाबा."

"फेरनिविदा काढता येते," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "गरजेचं वर्णन लिहून दे. नेमकं काय हवं ते."

चिरंजीवांनी कागद ओढला. तासभर ते लिहीत होते. बाबांनी वाचले : उजव्या भुवईत कापल्याची खूण असावी. हसताना मान तिरकी व्हावी. काच पुसताना स्वतःशी बोलत असावा. खोटेपणा करायला गेला तर अपेक्षांच्या रकान्यात खरे लिहून बसणारा असावा.

"हे वर्णन एकाच माणसाला लागू पडतं," बाबा म्हणाले. "याला आमच्याकडे गैरप्रकार म्हणतात."

"आणि खरोखर एकच हवा असला, तर तुमच्याकडे काय म्हणतात?"

बाबा कपाटाकडे गेले आणि खालच्या खणातून पिवळ्या पडलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन आले.

"एकमेव पुरवठादाराचं प्रमाणपत्र. नियम एकोणीस. हे दिलं की तीन दरपत्रकं लागत नाहीत."

"हा नियम होता? मग आधी का नाही सांगितलंत?"

"छत्तीस वर्षांत शेकडो लोकांनी भरून आणलं. कुणी मेव्हण्याच्या दुकानासाठी, कुणी मित्राच्या. एकही खरं नव्हतं. मला वाटलं, हा नियम कुणाला लागूच पडत नाही."

त्यावर एकच वाक्य होते : 'मी प्रमाणित करतो की, याच्याऐवजी दुसरे कोणतेही चालणार नाही, स्वस्त मिळाले तरी, चांगले मिळाले तरी आणि उद्या मिळाले तरी.' चिरंजीवांनी सही केली. ती करायला त्यांना नाव लिहायला लागतो तेवढाच वेळ लागला. बाबांनी ती सही उजेडात धरून पाहिली, आणि तिच्याखाली कोणताही शेरा न मारता स्वतःची केली.

काळ्या यादीतून नाव काढायला वरिष्ठांची मंजुरी लागते. घरात वरिष्ठ एकच होती. आईने पेन घेतले, ते वाक्य वाचले आणि पेन खाली ठेवले.

"अहो, याच्या आणखी प्रती आहेत का?"

"आहेत. का?"

"एक माझ्यासाठी भरा. मग मी सही करते."

"तुझ्या वेळी रीतसर तीन स्थळं पाहिली होती," बाबा म्हणाले.

"ते मला माहीत आहे. मी ते विचारलेलं नाही."

बाबांनी पेन तपासले. तारीख कोणती घालायची ते विचारले. पाणी प्यायले. चिरंजीव दाराबाहेर जाऊन जिन्यात बसलेल्या चष्मेवाल्याला आत घेऊन आले, चौघांची ताटे मांडली, जेवण निवले. शेवटी बाबांनी सही केली. आईने तो कागद ब्लाउजमध्ये खोवला आणि चष्मेवाल्याच्या कागदावर झोकात सही ठोकली. त्या दिवशी तो बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसून जेवला.

पुढच्या आठवड्यात शेजारीपाजारी, नातेवाईक येऊन गेले. असले संबंध टिकतात का, अशी सर्वांनाच काळजी होती. आई कोणाशी वाद घालत नसे. ती प्रत्येक जोडप्यापुढे चहा आणि दोन कोरी प्रमाणपत्रे ठेवी आणि म्हणे, "घरी नेऊ नका, इथेच बसून भरा." पाहुण्यांना अचानक घरची कामे आठवत. चहा तसाच राही.

त्यामुळे गठ्ठ्यात अजून पुष्कळ प्रती शिल्लक आहेत. आपण हसत हसत इथवर वाचत आला आहात, तेव्हा एक आपणही घ्या. जोडीदार शेजारी बसलेला असतानाच भरायचे आहे. पेन शोधायला उठू नका, ते सोबत जोडले आहे.