हरणाऱ्यासाठी टाळ्या

दामू तांडेल टीव्हीवरची कुस्ती बघताना फक्त हरणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायचा, आणि त्याही कुस्ती सुरू होण्याआधी. दोनच टाळ्या, सावकाश. मग हात मांडीवर ठेवून गप्प बसायचा. दहा मिनिटांनी तो मल्ल खरोखरच उताणा पडलेला असायचा आणि माझ्या घरात जमलेली वीसेक माणसं टीव्ही सोडून दामूकडे बघत असायची.

'माझ्या घरात' हे शब्द मुद्दाम लिहिलेत. टीव्ही माझा, केबलचं कनेक्शन माझं, सतरंजी माझी, चहा माझ्या बायकोच्या हातचा. कोपरीतल्या आमच्या तीन मजली इमारतीत केबल पहिल्यांदा आली ती माझ्याकडे. गच्चीवरून गच्चीवर वायरी टाकत आलेला तो माणूस म्हणाला होता, "सर, आता अमेरिका तुमच्या घरात." मी कल्याणच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे अमेरिका माझ्या घरात आधीपासूनच होती. कुस्ती मात्र नवीन होती.

दर शनिवारी संध्याकाळी अर्धी इमारत आमच्याकडे लोटायची. त्या मल्लांची नावं कोणालाच उच्चारता येत नसत, म्हणून आम्ही आमची ठेवली होती. अंगावर चमचमता झगा घालून, नाक वर करून येणारा तो जावईबापू. सगळ्यांची भांडणं सोडवायला जाऊन स्वतःच मार खाणारा तो सरपंच. कोण कोणत्या देशाचा, कोणाचं वजन किती, हे सगळं मी सांगायचो. लोक "सर, हा कोण?" असं विचारायचे. माझी मुलगी माधवी तेव्हा दहा वर्षांची होती. ती माझ्या मांडीला टेकून बसायची आणि मैत्रिणींना म्हणायची, "माझ्या बाबांना सगळं माहितीये." माणसाला आयुष्यात याहून जास्त काय लागतं, मला सांगा.

आणि मग तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत हा दामू राहायला आला. बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचा. पन्नाशीचा, रुंद खांद्याचा, डावा कान चुरगळलेल्या कागदासारखा. एकटाच होता. पहिले तीन शनिवार तो दाराजवळ बसला आणि एक शब्द बोलला नाही. चौथ्या शनिवारी त्याने त्या दोन टाळ्या वाजवल्या.

"तांडेल, अजून कुस्ती सुरू व्हायचीय," मी हसून म्हणालो.

"ठाव हाय सर. पन तो आधीच उभा हाय ना."

"कोण?"

"तो निळी चड्डीवाला. दुसरा बगा, गानी वाजवत, धूर काढत येतोय. ह्याला येताना दाखवलाच नाय. जो आधीच उभा असतो, तो हराया आलेला असतो. आतमधी ठरलंय."

'आतमधी ठरलंय' हे दामूचं पालुपद. आत म्हणजे पडद्यामागे, जिथे मल्ल कपडे बदलतात तिथे. त्याच्या मते सगळं खरं राजकारण तिथेच चालायचं. रिंगणात दिसायचा तो नुसता निकाल.

एकदा जावईबापूने कोणाला तरी दाणकन आपटलं. आम्ही ओरडलो. दामू मात्र कळवळून म्हणाला, "हाय हाय, आतमधी भांडन झालंय. बगा कसा डोक्यावर टाकला. पडनाऱ्याची मान सांभालायची असते, उचलनाऱ्याच्या हातात असते ती. ह्यो माजलाय." पुढच्याच शनिवारी तो आपटलेला मल्ल गळ्यात पट्टा घालून आला. दुसऱ्या वेळी दामू म्हणाला, "आज जावईबापूला पडाया सांगितलंय, पन पडाया तयार नाय. पाय बगा कसे रोवलेत." झालं, आमची सगळी इमारत जावईबापूचे पाय बघायला लागली.

हळूहळू हे दामूचं शास्त्र इमारतीभर पसरलं. चौथीच्या वर्गात पहिला नंबर कोणाचा येणार, सोसायटीचा चिटणीस कोण होणार, दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या मुलीचं लग्न जमणार की नाही, लोक दामूला विचारायचे. तो विचार करून म्हणायचा, "आतमधी ठरलं असंल."

मला जळजळ व्हायची. ती ॲसिडिटी नव्हती, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. माझी बायको सुनंदा मला वर्षानुवर्षं साधा चहा देत आली होती. दामू आला की चहात आलं पडायचं. "त्यांना आल्याचा आवडतो," ती म्हणायची. मला काय आवडतं, हे तिने लग्नानंतर एकदा विचारलं होतं बहुतेक. आणि माधवी माझ्या मांडीपासून सरकत सरकत, एक एक शनिवार करत, दाराजवळ दामूपाशी जाऊन बसली. सतरंजीवरचं ते अंतर फार तर सहा फूट होतं. नकाशावर मी हजारो मैल सहज दाखवले असतील, पण हे सहा फूट मला बघवत नव्हते.

मग मी अभ्यासाला लागलो. कल्याण स्टेशनबाहेर रद्दीवाल्याकडे कुस्तीची परदेशी मासिकं मिळायची, तीन-चार महिन्यांची शिळी. ती मी आणून, शब्दकोश घेऊन वाचायचो. कोणाचं कुस्तीकंपनीच्या मालकाशी बिनसलंय, कोणाला विजेतेपदाचा पट्टा हवाय, सगळं वहीत उतरवून घ्यायचो. दामूला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, या गोष्टीचा मला मनातून फार आधार वाटायचा.

त्या शनिवारी पट्ट्याची मोठी लढत होती, जावईबापू विरुद्ध सरपंच. मी मासिक सगळ्यांसमोर उघडून जाहीर केलं, "जावईबापूचा पट्टा वर्षभर तरी हलत नाही. त्याने मालकाला तसं बजावलंय. इथे छापलंय."

सगळे दामूकडे वळले. जावईबापू झगा पसरत, धुरातून आला. दामूने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि दोन टाळ्या वाजवल्या.

"अहो, तो गाणी वाजवत आला!" मी म्हणालो. "तुमच्याच नियमाने..."

"खरं हाय सर. पन आज तो प्रेक्षकांचे हात हातात घेत आला. कंदी घेतो का? निरोप घेतोय तो."

जावईबापू हरला. पट्टा सरपंचाकडे गेला. इमारत नुसती नाचली. आणि माधवी, माझी माधवी, सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, तुम्ही ना, वाचून बोलता. तांडेलकाकांना खरंच कळतं."

मग माझ्या तोंडून काय निघालं ते मलाच नंतर कळलं. "टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवायला काय लागतं? हिंमत असेल तर माझ्याबरोबर गादीवर उतरा, तांडेल!"

दामू शांतपणे म्हणाला, "उतरू ना सर."

पंधरा दिवसांवर इमारतीची वार्षिक पूजा होती. दरवर्षी सत्यनारायणानंतर संगीतखुर्ची आणि फॅन्सी ड्रेस व्हायचं. त्या वर्षी पोरांनी दोन्ही रद्द करून टाकलं. डेकोरेटरकडून गाद्या आल्या, चार बांबूंना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधून रिंगण झालं. मी रोज सकाळी तांदळाचं पोतं उचलायचा सराव करायचो. "अर्धंच भरलंय ते," सुनंदा आतून सांगायची. शब्द परत घ्यावा असं रोज वाटायचं. पण माधवीने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिच्यासमोर उताणा पडलो तर ते सहा फूट कायमचे राहणार, एवढं मला स्वच्छ कळत होतं.

पूजेच्या दुपारी मी शाळेचा ट्रॅकसूट घालून जिन्यात उभा होतो. पोरांनी माझ्यासाठी टेपवर बँडचं गाणं लावलं, अगरबत्तीचा एक अख्खा पुडा पेटवून धूर केला, गळ्यात पूजेचाच हार घातला. मी वाजतगाजत अंगणात आलो. दामू आधीच रिंगणात उभा होता. जुनी बनियन, खाकी हाफपँट.

मी दोरीखालून आत शिरलो. हार दोरीत अडकला, तो सोडवला. समोर दामूने नेहमीसारख्या दोन टाळ्या वाजवल्या. सावकाश.

संपलं, असं म्हणून मी डोळे मिटले.

सुरुवातीला आम्ही नुसतेच एकमेकांचे खांदे धरून गोल फिरलो. बर्फाने राठ झालेले त्याचे हात माझ्या दंडावर होते. त्याने मला एकदा दोरीवर ढकललं, दोनदा गुडघ्यावर आणलं. लोक "तांडेल! तांडेल!" ओरडायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेवढ्यात तो माझ्या अंगावर आला, माझा हात आपोआप त्याच्या कमरेला पडला, आणि काय झालं कोण जाणे, तो नव्वद किलोचा माणूस वर उचलला गेला! माझ्या छातीएवढा, मग खांद्याएवढा. मी त्याला गादीवर आपटलं. धप्प असा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. एक, दोन, तीन मोजून झाले तरी दामू हलला नाही.

माधवी दोरीखालून घुसली आणि उड्या मारत टाळ्या वाजवायला लागली. इतक्या जोरात टाळ्या वाजवताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

पुढचा आठवडा मी इमारतीत ज्या चालीने चाललो, ती चाल आठवली की आजही मला लाज वाटते. सुनंदाने चहात न विचारता आलं घातलं. त्या शनिवारी दामू आला नाही. रविवारी सकाळी मी मोठ्या मनाने त्याची चौकशी करायला, म्हणजे खरं तर ऐट मिरवायला, खाली गेलो.

दामू पालथा पडला होता आणि एका हाताने स्वतःच्याच कमरेला बाम चोळायचा प्रयत्न करत होता. हात पोचत नव्हता. मी बाटली घेतली.

"जोरात लागलं का हो?" मी विचारलं. माझा आवाज जरा आनंदीच होता.

"नाय सर. सवय गेली. उडी मारताना पाय मुरगलला, मंग पडनं चुकलं."

"कसली उडी?"

तो उशीत तोंड घालून हसला. "सर, नव्वद किलोचा मानूस आपन होऊन उडाल्याबिगर कोन उचलतो? मी उडालो, तुमी हात लावला. कानावर पडायचं नाय, पाठीवर घ्यायचं. अकरा वरसं हेच केलंय."

मग त्याने सांगितलं. फ्रीस्टाइल कुस्त्यांचा एक फिरता संच होता, गावोगावच्या मैदानात तिकीट लावून खेळ करायचा. दामू त्यात काळा मुखवटा घालून उतरायचा आणि रोज हरायचा. जिंकायचा तो मालकाचा भाचा. "त्याला पडाया येतच नव्हतं. शिकलाच नाय. आनि रुसवे काय त्याचे! आधी नाव माझं पुकारलं म्हनून एकदा कपडेच बदलीना."

कल्याणला खेळ होता तेव्हा दामूने मालकाच्या हातापाया पडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. बायको नुकतीच गेली होती, आणि त्याची आठ वर्षांची पोरगी मामाबरोबर खेळाला येणार होती. त्या एका दिवशी दामू जिंकणार आणि जिंकून मुखवटा काढणार. तोपर्यंत पोरीला वाटायचं, बाप बर्फाच्या गाडीवर असतो.

"आतमधी ठरलं होतं सर. आनि ऐन वक्ताला भाचा बोलला, मी मुखवटेवाल्याकडून हरनार नाय. मालक गप. मी काय करनार, पडलो. पोर पुढेच बसली होती. मी पडल्यावर तिने काय टाल्या वाजवल्या! दोन्ही हात लाल होईस्तवर."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत तिला? नंतरही?"

"काय सांगू? मना मारताना तू टाल्या वाजवत होतीस, असं? आता लगीन होऊन अर्नाल्याला हाय. सुखात हाय." त्याने उशीवरचं डोकं दुसरीकडे वळवलं. "तुमची माधवी समोर होती. पोरीसमोर बापाने पडू नये, सर. कंबर जरा डावीकडे चोला."

मी बराच वेळ चोळत राहिलो.

हे मी कोणालाही सांगितलं नाही. दामूचं रहस्य राखायला म्हणून नाही, स्वतःचा विजय राखायला म्हणून, हे मी लिहून टाकतो. दामू दोन वर्षांनी लेकीकडे अर्नाळ्याला राहायला गेला. शनिवार सुनेसुने झाले. मला वाटलं होतं की तो गेल्यावर बरं वाटेल.

माधवीचं लग्न ठरलं त्या महिन्यात पत्रिकांवर नावं घालत बसलो होतो. तिने पहिलं नाव तांडेलकाकांचं घातलं. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय. त्या पूजेला मी काही त्याला..."

"माहितीये बाबा."

"काय माहितीये?"

"ते आधीच उभे होते ना रिंगणात. तुम्ही गाणी लावून, धूर काढून आलात. टाळ्या पण त्यांनी स्वतःसाठीच वाजवल्या. तुम्हाला कळलं नाही?"

मी पेन खाली ठेवलं. "मग तू एवढ्या टाळ्या का वाजवत होतीस?"

"त्यांच्यासाठी. काय मस्त पडले होते ते! दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन सांगितलं पण त्यांना."

"काय म्हणाला?"

"माझे दोन्ही हात उलटे करून बघत बसले. लाल होते अजून थोडे. मग म्हणाले, आतमधी ठरलेलं भायेर सांगायचं नाय, बाबांना तर नायच नाय."

एवढं बोलून ती पुढची पत्रिका घ्यायला वळली. आणि मी, लेकीचं लग्न तोंडावर आलेला माणूस, बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या त्या टाळ्यांसाठी पुन्हा एकदा दामू तांडेलवर जळलो.