डिशवॉशरमधली भट्टी

डिशवॉशरमध्ये भांडी ठेवायची नाहीत, हा घरातला नवा नियम मॉलफ्रिडला ऑगस्टअखेरीस समजला. कॉफीचे कप ठेवायला म्हणून तिने दार उघडलं, तर आतले जाळीचे कप्पे गायब. त्यांच्या जागी स्टीलची एक बुटकी टाकी होती आणि टाकीच्या डोक्यावर तांब्याची नळी वेटोळं घालून बसली होती.

"आर्नफिन!"

"आलो, आलो! हात लावू नकोस कशाला."

"माझे कप्पे कुठायत?"

"पलंगाखाली. अगं, आधी नीट बघ तरी. वीज आहे, पाणी यायला नळी, पाणी जायला नळी, वरून घट्ट दार. दारूच्या भट्टीला आणखी काय लागतं? लोक उगाच यात भांडी धुतात."

आर्नफिन जन्मभर दूध डेअरीत फिटर होता. पाइप दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. गावाकडचं शेत मुलाकडे सोपवून नवराबायको नॉर्वेतल्या स्टाइनशेर गावच्या या फ्लॅटमध्ये राहायला आले. गोठ्यातली जुनी भट्टी मात्र मुलाने भंगारात दिली, कारण गोठ्यात आता पर्यटकांच्या खोल्या होत्या. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात दोन माणसं एकदम वळू शकत नव्हती, तिथे भट्टी कुठली मावायला! आर्नफिनने उन्हाळाभर जुन्या वर्तमानपत्रांच्या कडेला आकृत्या काढल्या. पावाचा डबा लहान पडला. टीव्हीच्या कपाटाला मॉलफ्रिडने नकार दिला. शेवटी एका संध्याकाळी तो डिशवॉशरकडे टक लावून बसला आणि त्याचे डोळे चमकले.

घाई होती ती एल्कच्या, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाच्या शिकारीची. सप्टेंबरच्या शेवटी गावची टोळी जंगलात जाते. शेकोटीवर कॉफी उकळते, प्रत्येकाच्या कपात तळाला एक नाणं पडतं, नाणं दिसेनासं होईपर्यंत कॉफी ओततात आणि ते पुन्हा दिसू लागेपर्यंत 'घरची', म्हणजे घरी गाळलेली दारू. ती अगदी पहिल्या धारेची, कडक आणि नितळ लागते. पाणचट घरचीने नाणं काही पुन्हा दिसत नाही. टोळीला घरची पुरवण्याचा मान वर्षानुवर्षं आर्नफिनचा होता. बाकी सगळे मान गेले होते. नजर मंदावल्यापासून त्याने एकही एल्क मारला नव्हता, आणि टोळीचा म्होरक्या हालवार त्याला हल्ली वाऱ्याच्या उलट्या बाजूला, एल्क फिरकतच नाहीत अशा जागी बसवायचा. बाटल्या घेऊन गेलो नाही तर आपल्याला पुढच्या वर्षी कोणी बोलावणार नाही, याची आर्नफिनला खात्री होती. हे तो कोणाला सांगत नसे. 

मॉलफ्रिडला ते न सांगता कळलं होतं. म्हणून ती पंधरा दिवस मुकाट्याने हाताने भांडी घासत राहिली. मुकाट्याने म्हणजे फक्त भांडी आपटत.

मग सोसायटीच्या चेअरमनबाई टोरदिस कॉफीला आल्या. तीन वॅफल खाल्ली, तपकिरी चीजची तारीफ केली आणि निघताना सभ्य पाहुण्याप्रमाणे आपली बशी उचलून थेट डिशवॉशरकडे वळल्या.

"नको!" मॉलफ्रिड खुर्ची पाडून उठली.

"अगं, एक बशी तर आहे."

"ते... बिघडलंय."

मॉलफ्रिडला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ती गरजेपेक्षा जास्त बोलली. "आवाज करतं. वास येतो. गळतंसुद्धा."

"गळतं?" टोरदिसबाईंनी बशी खाली ठेवली. "मॉलफ्रिड, ही यंत्रं सोसायटीने एकगठ्ठा घेतलीत. एक गळतंय म्हणजे सगळीच गळणार! मी गुरुवारी माणूस बोलावते. सगळे फ्लॅट तपासून घेऊ."

संध्याकाळी आर्नफिन डोकं धरून बसला. "नुसता आवाज म्हणाली असतीस तरी भागलं असतं."

"तू टीव्हीचं कपाट मागितलंस तेव्हाच मी हो म्हणायला हवं होतं," मॉलफ्रिड म्हणाली.

खालच्या मजल्यावर कार्स्टेन राहायचा. ऑस्लोकडचा, गणिताचा निवृत्त मास्तर. चपला फूटपट्टी लावल्यासारख्या ठेवायचा. त्याचा डिशवॉशर तेवढ्यापुरता वर आणायचा, भट्टी खाली त्याच्या जागी सरकवायची, आणि वरचा फ्लॅट तपासून झाला की अदलाबदल करायची, असा आर्नफिनचा बेत होता.

"म्हणजे बेकायदा भट्टी माझ्या घरात?" कार्स्टेनने चष्मा पुसला.

"दहा मिनिटं. तपासणीवाला वरून सुरुवात करणार. आमचं तपासून झालं की मॉलफ्रिड त्याला बाल्कनीत बसवून वॅफल खाऊ घालेल, तेवढ्यात आपण बदलून टाकू."

"मला काय मिळेल?"

"एक बाटली."

"मी पीत नाही. मला एल्कच्या शिकारीला यायचंय. एकदाच. बारा वर्षं इथे राहतोय, अजून कोणी विचारलं नाही."

आर्नफिनला घाम फुटला. टोळीत परका माणूस, तोही ऑस्लोचा, नेणं म्हणजे हालवारच्या हातात कोलीत देणं. पण गुरुवार तोंडावर आला होता. "बरं, ये. पण बोलू नकोस जास्त."

गुरुवारी सकाळी दोन म्हाताऱ्यांनी दोन डिशवॉशर जिन्यातून वरखाली केले. भट्टीतला माल ओतून टाकायचं आर्नफिनच्या जिवावर आलं, म्हणून ती भरलेलीच खाली उतरवली. पायरीगणिक आतून डुचुक डुचुक आवाज येत होता आणि कार्स्टेन दर पायरीला "अरे देवा" म्हणत होता. वरच्या यंत्राच्या नळ्या घाईघाईने जोडल्या होत्या. खालच्या जागी भट्टी जेमतेम सरकवली, तोच कार्स्टेनच्या दाराची बेल वाजली.

दारात टोरदिसबाई होत्या आणि त्यांच्या मागे निळ्या डगल्यातली एक तरुण मुलगी.

"ही सुनिव्हा. तपासणी करणार आहे."

"पण वरून सुरुवात होती ना?" आर्नफिनच्या तोंडून निघून गेलं.

"मी खालून वर जाते," सुनिव्हा म्हणाली. "गळतं ते खालीच साठतं. आणि तुम्ही इथे कसे?"

"मी? कॉफीला."

टोरदिसबाईंचा फोन वाजला म्हणून त्या बाहेरच थांबल्या. सुनिव्हाने गुडघे टेकले, दार उघडलं आणि आत डोकं घातलं. 

"हे कुठलं मॉडेल?" तिने विचारलं.

"लहान कुटुंबासाठीचं," कार्स्टेन म्हणाला. तोंडी परीक्षेत पोरांचा आवाजसुद्धा इतका बारीक झाला नसेल.

सुनिव्हाने नळीवरून बोट फिरवलं, जोडाखाली कागदाचा कपटा धरला, नाक पुढे करून वास घेतला. "जोड कोणी दिलेत?"

आर्नफिनने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"सुंदर आहेत. माझ्या आजोबांचं असंच होतं, पण ते गळायचं." तिने खिशातून हिरवा स्टिकर काढला आणि दारावर चिकटवला. "मला गळती बघायला पाठवलंय. हे गळत नाही."

आर्नफिनला तिचे हात धरून नाचावंसं वाटलं. तेवढ्यात सुनिव्हाच्या मानेवर वरून एक थेंब पडला. मग दुसरा. मग छतातून धारच लागली.

वर मॉलफ्रिडला पंधरा दिवसांनी खराखुरा डिशवॉशर मिळाला होता. तिने घरातली झाडून सगळी भांडी त्यात कोंबली होती, अगदी तव्यापासून फुलदाणीपर्यंत, आणि बटण दाबून ती सोफ्यावर निवांत बसली होती. घाईत जोडलेली नळी सुटली होती. सगळे धावत वर पोचले तेव्हा तिचे पाय पाण्यात होते.

"बघा, मी म्हणाले नव्हते गळतं म्हणून?" मॉलफ्रिड टोरदिसबाईंना म्हणाली. आपण खरं बोललो, याचं तिला मनापासून समाधान झालं.

सुनिव्हाने ते यंत्र बाद केलं आणि तिथल्या तिथे उचलून नेलं. आठवड्याभरात नवंकोरं आलं. त्याच्या दाराशी मॉलफ्रिड खुर्ची टाकून बसली. "याला पान्याने शिवलास तर मी गावी निघून जाईन," तिने बजावलं. अशा रीतीने भट्टी कार्स्टेनकडेच राहिली, हिरव्या स्टिकरसकट. आर्नफिन रोज संध्याकाळी बाही सरसावून खाली जाऊ लागला. थेंब थेंब घरची जमू लागली, आणि काय धार होती! कार्स्टेनच्या टेबलावरच्या कपातलं नाणं काळ्याकुट्ट कॉफीतूनही डोळा मारत होतं.

"तुझा नवरा रोज खाली कशाला जातो गं?" टोरदिसबाईंनी जिन्यात विचारलं.

"कार्स्टेनकडे भांडी घासायला," मॉलफ्रिडने सांगितलं. "त्याच्या डिशवॉशरमध्ये भांडी मावत नाहीत."

यातलं दुसरं वाक्य तर शंभर टक्के खरं होतं. टोरदिसबाई गहिवरल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आर्नफिनला जिन्यात गाठलं.

"सोसायटीचं शरदातलं श्रमदान शनिवारी आहे. पानं गोळा करायची, जिने धुवायचे, मग सगळ्यांना कॉफी आणि वॅफल. भांड्यांचा प्रमुख तू."

"शनिवारी? शनिवारी शिकारीचा पहिला दिवस आहे!"

"शिकार दर वर्षी असते."

"श्रमदानही दर वर्षी असतं, टोरदिस!"

"एकट्या कार्स्टेनची भांडी रोज घासतोस, सगळ्यांची एक दिवस नको?" टोरदिसबाई गोड हसल्या. "का तिथे तुला दुसरंच काही काम असतं?"

 "शनिवारी किती वाजता येऊ?" आर्नफिनने विचारलं.

शनिवारी पहाटे कार्स्टेन बाटल्या घेऊन एकटाच जंगलात गेला. आर्नफिनने त्याला स्वतःची टोपी दिली आणि दिवसभर कोपरापर्यंत फेसात उभा राहिला. साऱ्या सोसायटीने वॅफल हादडली. प्रत्येक कप विसळताना त्याला शेकोटी दिसत होती आणि आपल्या जागेवर बसलेला गणिताचा मास्तर. त्याला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

अंधार पडायच्या सुमारास कार्स्टेन दारात उगवला. गाल लाल, टोपी वाकडी, अंगाला धुराचा वास. न पिणाऱ्या माणसाच्या मानाने तो जरा जास्तच हसत होता.

"घरची कशी झाली म्हणाले?" आर्नफिनने फडक्याला हात पुसत विचारलं.

"अप्रतिम! हालवार म्हणाला, अशी नितळ आजवर प्यायलो नव्हतो."

"आणि माझ्याबद्दल?"

"विचारलं त्याने, आर्नफिन कुठाय म्हणून. मी सांगितलं, भांडी घासतोय."

"अरे, ते कशाला सांगितलंस!"

"तू खोटं बोल असं सांगितलं नव्हतंस. खूप हसले सगळे. मग हालवार म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की ये."

आर्नफिनने फडकं खाली ठेवलं. "कोण, मी?"

"मी." कार्स्टेन स्टुलावर बसला आणि बूट काढायला लागला. "पण तुलाही निरोप आहे. म्हणाला, आमच्याकडे नेम धरणारे सात जण आहेत आणि घरची आणणाराही मिळालाय. पण शिकारीचे तिन्ही दिवस एकाच न घासलेल्या कढईत खायला सगळे कंटाळलेत. भांडी घासणारा माणूस मिळाला तर त्याला शेकोटीजवळची जागा देऊ."

आर्नफिनने समोरचा कपांचा ढीग जवळ ओढला. मग त्याने पुन्हा बाह्या वर सारल्या आणि हात पाण्यात घातले.

"त्याला फोन कर," तो म्हणाला, "आणि सांग, उद्या सकाळी पोचतो."