पैलवानाची पस्तीस लाखांची उडी

दशांश अपूर्णांक शिकवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! पाचवीच्या बाई रजेवर गेल्या आणि शाळेनं मला, निवृत्त बाईंना, पुन्हा बोलावलं. मी पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत जाहीर करून टाकलं, "फळा नको, खडू नको! उद्या लांब उडीची निवड आहे ना? निकाल माझी मुलं लावतील."

खेळाच्या सरांचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. "बाई, आंतरशालेय संघात जागा एकच आहे. निकाल मी लावतो. धडा तुम्ही वर्गात घ्या."

"अहो, हाच तर धडा!"

सरांनी मान डोलावली. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून डोलावली असावी.

त्या दिवशी मी वर्गात शिकवलं, की दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नसते, २.४० म्हणजेच २.४. मुलांनी इतक्या उत्साहानं शून्यं उडवली, की जणू वर्गात डास शिरले होते!

दुसऱ्या दिवशी मैदानावर खरी चुरस दोघांत होती. एक चिमणी. ही पोरगी वर्षभर जिना उतरलीच नव्हती, उड्या मारतच खाली यायची. संघातल्या जागेसाठी तिनं इतरांची दप्तरंसुद्धा सोडली नव्हती, वाटेत दिसलं की टुणकन पलीकडे! दुसरा पैलवान. हा उडाला की वाळू घाबरून बाजूला व्हायची.

सर टेप धरत होते, एक मुलगी पुठ्ठ्यावर खडूनं आकडा लिहून ज्याच्या त्याच्या हातात देत होती. पैलवान २.३५ मीटर. चिमणीचं माप आलं २.४०. लिहिणारीनं शून्य गाळलं आणि माझ्याकडे ऐटीत पाहिलं. मी तिची पाठ थोपटली!

मग मी वर्गाला म्हटलं, "लावा रांग! सर्वांत मोठा आकडा पुढे."

क्षणात पैलवान सगळ्यांच्या पुढे!

"अरे, नीट बघा," मी म्हटलं.

"बघितलं बाई! पस्तीस मोठे का चार?"

मुलांना त्यांचं त्यांना सापडू द्यावं, हे माझं जन्माचं तत्त्व. म्हणून मी नुसती गालात हसले. तेवढ्यात माईकवाल्या पोरानं घोषणा ठोकूनही दिली! चौघांनी पैलवानाला खांद्यावर उचललं आणि पाचही जण वाळूबाहेर गवतात कोसळले.

चिमणी पुठ्ठा छातीशी धरून उभी होती. "बाई, मी त्याच्या पुढे पडले होते. मी स्वतः पाहिलं. मग आकडा मागे कसा गेला?"

आता तत्त्व बाजूला ठेवावंच लागलं. मी खडू घेऊन तिच्या चारापुढे शून्य लिहिलं. "हं, आता बघा! चाळीस आणि पस्तीस!"

मैदान पेटलं!

"ही फसवाफसवी आहे!"

"तिला शून्य दिलंत, मग मला पण द्या!"

"बाई, काल तुम्हीच म्हणालात ना, शून्याला किंमत नसते?"

"नसतेच रे!"

"मग दिलंत कशाला?"

पैलवानानं माझ्या हातातला खडू हिसकावला आणि २.३५ पुढे शून्यं ओढायला लागला. पुठ्ठा संपला तेव्हा मित्रांनी दुसरा चिकटवला. तीनशे पन्नास झाले, तीन हजार पाचशे झाले, शेवटी पठ्ठ्याची उडी पस्तीस लाखांवर गेली! त्या हिशेबानं तो शेजारच्या देशात पडायला हवा होता.

"बाई, आता तरी मी..." सर पुढे आले.

"थांबा!" मी ओरडले. कारण चिमणी टेप घेऊन एकटीच वाळूकडे निघाली होती.

दोघांच्या टाचांचे ठसे अजून शाबूत होते. तिनं टेप पसरला. "हे झाले दोन मीटर. आता पुढच्या मीटरचे दहा सारखे तुकडे." बोटानं वाळूत दहा रेघा ओढल्या. "माझी टाच चौथ्या रेघेवर. ह्याची तिसरी ओलांडून पुढे आली, पण चौथीपर्यंत पोचलीच नाही."

पैलवान गुडघ्यांवर बसला. आपला लांबलचक पुठ्ठा त्यानं ठशाशेजारी ठेवला. "एवढी शून्यं लावली, तरी माझी टाच इथेच?"

"इथेच."

"अजून लावली तर?"

"तरी इथेच."

पोरगा हरला होता, पण डोळे असे विस्फारलेले, जणू वाळूतून समुद्र दिसावा! "आपल्या दोघांच्या मधे कुणी पडू शकतं?"

"२.३६ वाला," चिमणी म्हणाली. "२.३९ वाला."

"आणि २.३९ च्या पुढे, पण तुझ्या मागे?"

"२.३९५!" मागून कुणी म्हणालं.

"२.३९९!"

"२.३९९९!"

सगळा वर्ग वाळूभोवती उकिडवा बसला होता. आवाज आपोआप खाली आले होते. "बाई, हे संपतं कुठे?"

"संपत नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आले. पण दोन ठशांमधल्या त्या तीन बोटं वाळूकडे बघताना अंगावर काटा आला तो पहिल्यांदाच! एवढ्याशा जागेत न संपणाऱ्या उड्या मावतात! खेळाचे सरही कधी खाली बसले, ते त्यांना कळलं नव्हतं. गळ्यातली शिट्टी वाळूत टेकली होती.

मग पैलवान उठला, माईक घेतला आणि गरजला, "चिमणी पहिली! संघात तीच जाणार! मी तीन बोटं मागे!"

चिमणीनं जी उडी मारली, ती मोजायचं कुणाला सुचलंच नाही.

त्याच भारलेल्या अवस्थेत धावण्याची शर्यत झाली. सेकंदांचे पुठ्ठे मुलांनी काय सुरेख लावले म्हणून सांगू! ९.८ पुढे, ९.७५ त्याच्या मागे, मग ९.६. एकही चूक नाही! माझे डोळे भरून आले. सर काहीतरी सांगायला लागले, मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि स्वतः माईक घेतला.

"पहिला क्रमांक... ९.८... आपला पैलवान!"

टाळी एकसुद्धा वाजली नाही. पैलवान धापा टाकत आला आणि माझ्या कानाशी वाकला.

"बाई, आकडा माझाच मोठा आहे हो. पण मी सगळ्यांत शेवटी पोचलोय!"