श्रीधरची तीट

सकाळी बरोबर सव्वासात वाजता मयुराने मोबाइलमधल्या कबड्डीपटूच्या गालावर बोटाने तीट लावली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

चित्र तिचंच होतं. प्रताप नगरातल्या कबड्डी मंडळाच्या बॅनरसाठी काढलेलं. तान्ह्या विहंगला दात येत होते, त्यामुळे झोप तिच्या वाट्याला नव्हतीच. एका मांडीवर त्याला थोपटत, दुसरीवर पुठ्ठा ठेवून तिने काळ्या शाईने चढाईवर निघालेला मंडळाचा खेळाडू श्रीधर काढला होता. नणंद भूमिकाने त्याचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन रेघांखाली रंग भरले, पायाशी धूळ उडवली.

"वहिनी, हे लेयर हायेत. शाई वेगळी, रंग वेगळे, नाव वेगळं. सगळे एकावर एक."

"म्हणजे पोळीचे पदर?"

"तसंच समज."

वर मुख्य पाहुणे मधुकररावांचा हसरा फोटो होता आणि खाली, श्रीधरच्या पायाशी, 'चित्र : मयुरा ऋषिकेश ठवरे'. लग्नपत्रिकेनंतर तिचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं. (आणि पत्रिकेत ते चुकलं होतं.)

एवढं देखणं पोरगं चौकात टांगायचं आणि तीट नाही? मयुराचा जीव खालीवर झाला. भूमिका आंघोळीला गेल्याबरोबर तिने काळा रंग घेतला आणि टेकवलं बोट. तिळाएवढं. ते कुठल्या पदरावर बसतंय हे बघायचं असतं, हे तिला कोण सांगणार? बसलं ते नावाच्या पदरावर.

तेवढ्यात सासूबाई, कुसुमताई, चष्मा लावून आल्या.

"काहून वं मयुरा, माह्या लेकाचं नाव त्या पोट्ट्याच्या पायाखाली? दुसरी जागा नाही भेटली तुले?"

"आई, नाव माझं हाय."

"मग मधात ऋषिकेश कोनाचा हाय?"

ऋषिकेश बुटीबोरीच्या ड्युटीसाठी डबा शोधत होता. "राहू दे ना आई. मले सवय हाय."

पण आई ऐकतात थोडीच! प्रेसवाल्याचे फोनवर फोन येत होते. भूमिकाने घाईघाईत नावाचा लेयर धरून वर सरकवला, श्रीधरच्या कमरेशी, आणि बॅनर पाठवून दिला. नाव जितकं वर गेलं, तितकीच तीटही वर गेली.

संध्याकाळी सामन्याआधी चौकातल्या मैदानावर बॅनर चढला. मोबाइलवरचा तीळ आता चांगला पापडाएवढा झाला होता. श्रीधरचा गाल स्वच्छ होता. मधुकररावांचा समोरचा दात गायब होता.

मधुकररावांनी वर पाहिलं, पाठ फिरवली, कवळी काढून तपासली.

"दात तं हाय गा! कोनं केलं हे?"

सगळ्या मैदानाने मान वर करून मोठ्याने वाचलं, "मयुरा ऋषिकेश ठवरे!" नाव आता अगदी नजरेसमोर होतं.

मयुरा विहंगला घेऊन कुसुमताईंच्या मागे दडली. कुसुमताई पुटपुटल्या, "पायाखालीच बरं होतं वं."

श्रीधर पहिल्याच चढाईत धरला गेला. (तीट नव्हती ना!)

तेव्हा मंडळी, मधुकरराव कुठे भेटले तर एवढा निरोप पोचवा: तो पडलेला दात नाही, तीट आहे, तुम्हाला आता कुणाची नजर लागणार नाही. निरोप कुणाचा, हे मात्र सांगायची गरज नाही. ते नाव त्यांना पाठ झालं आहे.