काळ्या मातीतलं ऑर्किड

वानखडे काकाजींना कुठेही कुंडी दिसली की ते उजव्या हाताचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत तिच्या मातीत खुपसतात. परवानगी विचारत नाहीत. बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, माझ्या खिडकीत, कुठेही. दातांच्या दवाखान्यात तर त्यांनी बोट घातलं आणि सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "हे तं गेलं, बाप्पा!"

"काकाजी, ते प्लॅस्टिकचं आहे," कंपाउंडर म्हणाला.

"मंग? मी काय चूक सांगतलं?"

काकाजी अमरावतीत आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. गाव दर्यापूरकडचं. शेती भावाकडे सोपवली, पण शेतातल्या मातीची दोन पोती सोबत आणून बाल्कनीत ठेवली. कुठल्याही रोपाला त्यांचं औषध एकच: "काळी माती अन् पोटभर पानी." हे पोटभर पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरतं. मी याद्या करणारी बाई आहे. 'काकाजींशी पाण्याबद्दल बोलणे' हे काम माझ्या फ्रिजवर दीड वर्ष एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जातंय. शाळेच्या ऑफिसातून सहाला परतल्यावर भांडायला अंगात काही उरत नाही.

मार्चमध्ये एका संध्याकाळी तेच खाली आले. हातात कुंडी.

"ताई, पाहा बरं. काहून असं करून राहिलं हे?"

ते ऑर्किड होतं. दोनच पानं, तीही वाळवायला घातलेल्या काकडीसारखी सुरकुतलेली. बाकी सगळं गळ्यापर्यंत चिखलात.

"मातीत कोणी लावलं?"

"मीनंच. प्राचीनं देल्लं तवा नुसत्या लाकडाच्या तुकड्यायत होतं. म्हटलं, उपाशी ठेवलं पोरीनं."

प्राची म्हणजे त्यांची सून. मागच्या वर्षी पुण्यात ती आणि काकाजींचा मुलगा कायदेशीर वेगळे झाले. ती राहायला गेली त्या होस्टेलच्या खोलीत उजेड नव्हता, म्हणून घर रिकामं करताना तिनं ऑर्किड काकाजींना दिलं. ते त्यांनी पुण्याहून रेल्वेनं मांडीवर आणलं. तेव्हापासून ती महिन्यातून एकदा फोन करून त्याची खबर घेते.

"मग मेलं म्हणून सांगा तिला," मी म्हणाले. त्या दिवशी मी फारच दमले होते.

"मी तं फूल आलं म्हनून सांगतलं." काकाजी माझ्या फरशीकडे बघत होते. "आता फोटो मांगून राहिली थे. अन् हे मेलं, तं मंग थे मले फोन करीन कायच्यासाठी?"

मी पर्स खाली ठेवली आणि कागद घेतला. भोकांची कुंडी. कोळशाचे तुकडे, धुऊन. नारळाच्या सालाचे तुकडे, रात्रभर भिजवून. कात्री, उकळत्या पाण्यात घालून.

रविवारी आम्ही चिखल धुऊन काढला. मुळं बोटांनी दाबली तर विरघळत होती. मी कात्री चालवू लागले तसे काकाजी खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. तीन मुळं घट्ट निघाली. बाकी सगळी कापून मी कापलेल्या टोकांवर हळद लावली आणि रोप कोळशात बसवलं.

"अन् माती?"

"माती नाही."

"चिमूटभर?"

"नाही, काकाजी."

"आमच्या मातीत दगड टाकला तं थोई उगवते, ताई! अन् हे कोयसे खाईन काय?"

त्यांच्या भिंतीवर मी कागद चिकटवला: पाणी आठवड्यातून दोनदा. थेट ऊन नाही. बोट घालू नये. शेवटची ओळ लाल शाईत. तरी रोज चक्कर टाकावी लागली. दोनदा मी कोळशात लपवलेली माती काढली. एप्रिलमध्ये ऊन तापलं तेव्हा रोपाला हवेत ओल हवी, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर ऑर्किड कूलरजवळ खुर्चीवर, आणि काकाजी लांब दारात, वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले.

फोन येई तेव्हा ते सांगत, मोबाइलचा कॅमेरा बिघडला.

मेमध्ये एक नवी मुळी दिसली. हिरवी, नखाएवढी. काकाजींनी मला वर बोलावून घेतलं. मी वाकून बघत असतानाच फोन वाजला. पलीकडचं मला काही ऐकू येत नव्हतं. काकाजी मात्र नेहमीच ओरडून बोलतात.

"प्राची, फूल नाई आलं, माय. कवाच नव्हतं आलं. मीनं खोटं सांगतलं तुले. मातीत गाडलं होतं मीनंच." मग ऐकता ऐकता ते एका हातानं भिंतीवरच्या कागदाचा सुटलेला कोपरा दाबत होते. "नाई, आता जितं हाय. मुळी फुटली. खालच्या ताईनं वाचवलं. फुलाले... फुलाले दोन वर्स तं लागतीनच म्हनते ताई."

मी तर येत्या थंडीत फूल येईल म्हणाले होते.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"हो, दोन तरी लागतील," मी फोनमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.