गादीच्या पोस्टरवरचा माणूस

पेंटरला झोपलेला माणूस हवा होता, आणि तो घरातच पडला होता.

गादीच्या दुकानदारानं पोस्टर सांगितलं होतं. नव्या गादीवर गाढ झोपलेला माणूस, वर मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव, बास. पेंटर कागद-पेन्सिल घेऊन बाहेरच्या खोलीत आला, तर बायकोचा धाकटा भाऊ भर दुपारी कॉटवर पसरलेला. तोंड उघडं, मूठ गालाखाली, एक पाय खाली लोंबतोय. हा मेहुणा आठ महिने नोकरी शोधत होता. म्हणजे नोकरीनंच येऊन उठवावं, या तयारीनं पडून होता. पेंटरनं एका दमात स्केच काढलं. पायाचा वाकडा अंगठासुद्धा सोडला नाही.

दुकानदारानं स्केच हातात घेतलं आणि मोठी जांभई दिली.

"पेंटर, हेच. याला बघून मलाच आडवं व्हावंसं वाटतंय. आता हा झोपणारा बदलायचा नाही. शनिवारी छापखान्यात गेलं पाहिजे."

पेंटर खुशीत घरी आला, तर बायको दारातच उभी.

"ऐकलंत का, भाऊला कारखान्यातून बोलावलंय. सोमवारी मुलाखत."

"कसली नोकरी?"

"वॉचमनची."

पेंटर स्टुलावर बसला. स्टूल होतं म्हणून बरं, नाहीतर जमिनीवर बसला असता.

"काय झालं हो?"

"ते गादीचं दुकान बरोबर कारखान्याच्या गेटासमोर आहे."

बायकोनं स्केच बघितलं. मग कॉटवर बघितलं. दोन्हीकडं तोंड सारखंच उघडं होतं.

"वॉचमन व्हायला निघालेला माणूस गेटासमोर सहा फुटी झोपलेला दाखवणार तुम्ही? माझ्या भावाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी बोलावलंय. बदला त्याला."

"दुकानदार बदलू देत नाही गं."

"मग झोप त्याची ठेवा, चेहरा दुसऱ्याचा द्या."

आता हे काही अगदीच चुकीचं नव्हतं. पेंटरनं मोठ्या कागदावर चित्र उतरवलं आणि रंग देता देता जाड मिशी लावली. बायको म्हणाली, "मिशीतला भाऊ दिसतोय." पेंटरनं डोक्यावरचे केस काढून टक्कल केलं. मेहुणा उठून बघायला आला. म्हणाला, "दाजी, म्हातारपणी मी इतका वाईट दिसणार का हो?" म्हणजे अजून ओळखू येत होता. मग नाक फुगवलं, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी दिली. तेवढ्यात दुकानदार काम कुठवर आलंय बघायला टपकला. पेंटरला वाटलं, आता हा ओरडणार. पण तो खूश.

"हे बेस झालं. माझं गिऱ्हाईक याच वयाचं असतं. याला चष्मा द्या."

"झोपेत चष्मा?"

"कपाळावर सरकवलेला. वाचता वाचता डोळा लागला, असा."

चष्मा काढला. बायकोनं दारात उभं राहून बघितलं, खिडकीतून बघितलं, आणि म्हणाली, "हा आता आपला कोणीच नाही." घरात सगळ्यांना हलकं वाटलं.

शनिवारी पोस्टर छापलं, रविवारी दुकानाच्या भिंतीवर चिकटलं. सोमवारी सकाळी पेंटर मेहुण्याला घेऊन गेटापाशी आला, तर भिंतीसमोर कामगारांची ही गर्दी. सगळे पोट धरून हसतायत.

"काय झालं?" पेंटरनं एकाला विचारलं.

"अहो, आमचे मॅनेजरसाहेब. दुपारी ऑफिसात डिट्टो असेच झोपतात. चष्मासुद्धा कपाळावर."

मेहुण्याची मुलाखत घेणारा तोच मॅनेजर. पेंटर पोस्टरचा कोपरा नखानं उकरायला लागला, तर दुकानदार धावत आला.

"हात लावायचा नाही. सकाळपासून तीन गाद्या गेल्यात."

"चल घरी," पेंटर मेहुण्याला म्हणाला.

"शर्टाला इस्त्री केलीय दाजी. जाऊन तरी येतो."

"जा. पण पोस्टरचं नाव काढू नकोस."

मॅनेजरची खिडकी गेटाला लागूनच होती. पेंटर तिच्याखाली उकिडवा बसला. आधी चौघं मुलाखत देऊन आले होते; साहेब सगळ्यांना त्या पोस्टरबद्दलच विचारत होते. दोघांनी पोस्टरवर साहेबच आहेत म्हणून सांगितलं, ते गेले. दोघांनी असं पोस्टर दिसलंच नाही म्हणून सांगितलं. गेटासमोरचं सहा फुटी पोस्टर न दिसणारा वॉचमन कोण ठेवणार? तेही गेले.

"समोरचं पोस्टर बघितलं का?" आतून साहेबांचा आवाज आला.

"हो साहेब."

"कोण आहे त्यात? खरं सांगा."

पेंटरनं डोळे मिटले.

"मी आहे साहेब."

आत खुर्ची करकरली.

"दाजींनी मी झोपलेलो असताना काढलंय," मेहुणा सांगत होता. "मिशी-बिशी नंतरची. पाय बघा ना, हा अंगठा असा वाकडा माझाच आहे." बूट काढल्याचा आवाज आला.

"पायात घाला ते," साहेब म्हणाले. पण आवाज एकदम मऊ झाला होता. "हे तुम्ही चारचौघांत सांगाल?"

"कोणालाही सांगीन."

"माझ्या घरी? सकाळपासून मंडळींचे पाच फोन आलेत."

"वहिनींना तर आधी सांगीन साहेब."

नोकरी जागच्या जागी पक्की झाली. संध्याकाळी साहेबांनी पेंटरलाही बोलावलं. दुकानदाराशी ते स्वतः बोलून आले होते, बोलताना दोन गाद्याही घेतल्या होत्या. आता पोस्टरवरची मिशी आणि चष्मा जायचा, केस परत यायचे, नाक आणि हनुवट्या जागेवर. वॉचमन लांबून ओळखू आला पाहिजे, अशी साहेबांची सक्त ताकीद होती.

दुसऱ्या दिवशी पेंटर रंगाचे डबे घेऊन शिडीवर चढला. हप्ताभर झटून लपवलेला मेहुणा त्यानं दुपारपर्यंत पुन्हा बाहेर काढला. खाली नवा युनिफॉर्म घालून, शिडी धरून, खुद्द मेहुणाच उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला सॅल्यूट करून "वरचा मीच" म्हणून सांगत होता. मधेच त्यानं मान वर केली.

"दाजी, तोंड तेवढं मिटवा. आता ड्युटीवर आहे मी."